उडीनंतरचा मोकळा दिवस

येसेनित्से, ११ जानेवारी

प्रिय दादा,

हे पत्र माझ्या अक्षरात आहे, ते तुला पाकिटावरूनच कळलं असेल. तरी उघडलंस, एवढंच मला पुष्कळ आहे.

पत्ता आईकडून मिळाला. नव्या वर्षाला तू तिला लोकरीचे मोजे पाठवलेस, त्या खोक्यावर तो होता. मोजे ती घालत नाही, खराब होतील म्हणून. खोक्यात बटणं ठेवते. तू बोगद्याच्या पलीकडे, ऑस्ट्रियातल्या त्या हॉकीच्या बर्फाच्या मैदानावर गाडी चालवतोस, बर्फ गुळगुळीत करायची, हे मला त्या पत्त्यावरून चौकशी केली तेव्हा कळलं. अर्ध्या तासाच्या वाटेवर राहतोस आणि मी पत्र लिहिते आहे, याचं मलाही हसू येतं. पण फोन तू उचलत नाहीस. न उचललेला फोन दिवसभर माझ्या डोक्यात वाजत राहतो. पत्राचं तसं नाही. ते वाचलं गेलं की नाही, हे लिहिणारीला कळत नाही, म्हणून ती वाचलं गेलंय असं धरून चालू शकते.

मला सप्टेंबरपासून नोकरी लागली आहे. वरच्या गावातल्या शाळेत, जिम्नाझियममध्ये. तिथे प्रत्येक वर्षाला एक वर्ग खेळाडू मुलांचा असतो, आणि त्यांचा खेळ आणि त्यांची शाळा यांची गाठ बांधून द्यायची, हे माझं काम. चौतीस मुलं आहेत. तुझ्या वेळी खेळाडूचा दर्जा होता, पण त्याचे कागद सांभाळायला माणूस नव्हता. आता मी आहे. बाकीच्या मुलांना सर वाटेल त्या दिवशी फळ्यापाशी उभं करून तोंडी विचारतात. दर्जा असलेल्यांना दिवस आधी ठरवून मिळतो. तो दिवस मी ठरवते. शिक्षक, मूल आणि मी, तिघांच्या सह्या होतात.

माझ्याकडे भिंतीवर एक मोठा तक्ता आहे. हिरवा रंग स्पर्धेचा, निळा सरावाचा, लाल तोंडी परीक्षेचा. रेघा पट्टीनं मारल्या आहेत. तू बघितलास तर म्हणशील, ‘मीना, हा तक्ता आहे की आईचा टेबलक्लॉथ?’

एका मुलीबद्दल तुला सांगायचं आहे. ब्रीना कावालार. सतरा वर्षांची, मोयस्त्रानाची, स्कीवरून उडी मारते. अंगानं इतकी किरकोळ की वर्गात दप्तरच तिला धरून बसलंय असं वाटतं. पण उतारावरून सुटली की तिच्या वयाच्या मुलींत देशात तिच्यापुढे दोघीच आहेत. इतर विषय बरे आहेत. भौतिकशास्त्रात पाचपैकी एक मिळालाय. नापास.

६ फेब्रुवारीला शिक्षकांची सभा आहे. तोवर त्या एकाचे दोन झाले नाहीत, तर तिचा दर्जा गोठणार. दर्जा गोठला तर रजा नाही, आणि रजा नाही तर फिनलंडची ज्युनियर स्पर्धा नाही. हे मी तिला नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग मी शाळा सोडते, मॅडम.”

रडली नाही, चिडली नाही. दुकानात दूध संपलंय तर दही द्या म्हणावं, तसं म्हणाली.

तिचे ट्रेनर मातिया तिथेच बसले होते. ते म्हणाले, “मॅडम, शाळा काय पळून जाते का? गुडघे पळून जातात.”

मी उठून खिडकी उघडली. बाहेर उणे आठ होतं.

आई बरी आहे. बाबांचा खोकलाही बरा आहे, म्हणजे खोकला बरा आहे, बाबा होते तसेच.

तुझी मीना


येसेनित्से, २० जानेवारी

प्रिय दादा,

उत्तर नाही आलं. मी अपेक्षा केली नव्हती. (हे खरं नाही, पण खोडलं तर कागद घाण दिसेल.)

आज रविवार. आईनं झेल्यानित्सा केली होती, पालक आणि चीजची, तुला आवडते तशी कडेला करपलेली. बाबा म्हणाले, “कड कोणासाठी करपवलीस? इथे कोण खातंय ती?” आई म्हणाली, “भट्टीला सवय लागलीय.” मग तिघांनी कड वाटून खाल्ली.

ब्रीनाचं सांगते. भौतिकशास्त्राचे ओग्रिन सर निवृत्तीला आलेत. खांद्यावर खडूचा रुमाल असतो, तो घरी जातानाही तिथेच असतो. मी त्यांच्याकडे तक्त्याचं छोटं रूप घेऊन गेले. त्यांनी ते उलटं धरून बघितलं, मग सुलटं.

“हे सगळे हिरवे चौकोन म्हणजे ती पोरगी हवेत असते?”

“स्पर्धा असतात, सर.”

“आणि जमिनीवर कधी असते?”

मी एक पांढरा चौकोन दाखवला. गुरुवार, २४ जानेवारी. बुधवारी पलीकडे ऑस्ट्रियात स्पर्धा आहे, रात्री घरी, सकाळी फळ्यापाशी. सरांनी सही केली. विषय मात्र सांगितला नाही. “दिवस तुमचा, प्रश्न माझा,” म्हणाले.

मी ब्रीनासाठी सारांश काढला आहे. अकरा पानं. ज्या ज्या गोष्टी सर विचारू शकतात त्या सगळ्या, सूत्रं चौकटीत, महत्त्वाचं दोनदा अधोरेखित. मला स्वतःला त्यातलं निम्मं कळत नाही, हे तुला सांगायला हरकत नाही. मी शिक्षणशास्त्र शिकले, वीज नाही. तरी पुस्तकातून नेटकं उतरवून काढलं. ते मला येतं.

ब्रीनानं पानं हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली. “मॅडम, यात माझं काय काम उरलं?”

“वाचायचं.”

“व्हॅनमध्ये वाचते,” म्हणाली. मग दारातून वळून म्हणाली, “मॅडम, तुम्ही शाळेत असताना खूप हुशार होतात ना?”

मी म्हटलं, आमच्या घरात पहिली मीच शिकले. ती म्हणाली, “मग तुम्हाला कोणी सारांश काढून दिला?”

याचं उत्तर तुला माहीत आहे, दादा. तुझ्या वर्गाला वाचायला लावलेली सगळी पुस्तकं मी वाचली. तू सतरा वर्षांचा होतास, मी तेरा. तू बर्फावरून दमून यायचास, ते हॉकीच्या गोलरक्षकाचं चिलखत मोरीत टाकायचास आणि तसाच झोपायचास. मी स्वयंपाकघरात बसून तुझी निबंधाची वही लिहायची, तुझ्या उजवीकडे कललेल्या अक्षरात, सातच्या पोटात तुझ्यासारखी रेघ मारून. मला आजही ते अक्षर येतं. ऑफिसमध्ये फोनवर बोलताना कधी कधी कागदावर तेच उमटतं.

बुधवारी त्यांची व्हॅन तुझ्या गावावरून जाईल. निळी आहे. तुला दिसेल म्हणून सांगत नाही.

मीना


येसेनित्से, २५ जानेवारी

दादा,

वारा.

बुधवारी दुपारी तिकडे इतका वारा सुटला की चार मुलींच्या उड्या होताच पंचांनी स्पर्धा थांबवली. तास-दोन तास वाट बघून उद्यावर ढकलली. उद्या म्हणजे गुरुवार, माझा पांढरा चौकोन.

उड्यांच्या स्पर्धेनंतरचा दिवस मोकळा सोडायचा असतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मोयस्त्रानाच्या बायका लेकीच्या उडीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणेसुद्धा बोलावत नाहीत. आणि मी? मला दिसलं होतं, दादा. तक्ता करताना दिसलं होतं. पण पुढच्या आठवड्यात ओग्रिन सर सहलीला, त्याच्या पुढे ब्रीनाचा सराव, आणि बुधवार-गुरुवार इतकं चपखल बसत होतं की मला ते मोडवेना. मोकळा दिवस ठेवला असता तर तक्त्यात भोक दिसलं असतं.

नियम असा आहे की तारीख बदलायची तर आदल्या दिवशी चारच्या आत लेखी कळवायचं. मातियांचा निरोप अडीचला आला होता. मी दुसऱ्या वर्गावर होते, फोन पर्समध्ये. बघितला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं.

गुरुवारी सकाळी ओग्रिन सरांनी ब्रीनाचं नाव पुकारलं. ती पलीकडे उतारावर होती. तिसरी आली, हेही सांगते. तिसरी आली आणि फिनलंडला जाणाऱ्या संघात तिचं नाव लागलं. मातियांनी फोनवर ओरडून सांगितलं. मी “अभिनंदन” म्हटलं. ते म्हणाले, “तुमचा आवाज का असा येतोय? मॅडम, आनंदाची बातमी आहे!”

ओग्रिन सरांना भेटले. ते शांतपणे म्हणाले, “ठरलेला दिवस गेला. आता ती बाकीच्यांसारखीच. सभेच्या आत माझे दोन तास आहेत. विचारायला वेळ झाला तर विचारेन. पंधरा जण रांगेत आहेत.”

मग ऑफिसातल्या स्लावकाबाई. तू ओळखणार नाहीस, पण अशी एक बाई प्रत्येक शाळेत असते. कॉफीचा कप माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, “अगं, अर्ज लिही आणि कालची तारीख टाक. मी कालचा शिक्का मारते. ओग्रिनला नवा दिवस द्यावाच लागेल. कोण बघतंय?”

“पण तो काल दिला नव्हता.”

“काल वारा होता ना? मग वाऱ्यानं उडून आज माझ्या टेबलावर आला, असं समज.”

मी लिहिला. २३ जानेवारी. शिक्का बसला. अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे. अजून दिलेला नाही. खण दहा वेळा उघडून बघते, तो तिथेच असतो.

तू म्हणशील, दे की, एका मुलीचं भलं होतंय. किंवा म्हणशील, हो, तूच खऱ्याखोट्याबद्दल बोल. तू काय म्हणशील तेच मला आता कळेनासं झालंय. तुला काय वाटेल हे पूर्वी मला तुझ्या आधी कळायचं.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितलेली नाही. याही पत्रात सांगणार होते. पान संपलं.

मीना


येसेनित्से, २७ जानेवारी

दादा,

पान संपलं नव्हतं.

ऐक. तुझ्या शाळेतल्या तिसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, तुझा दर्जा काढून घेतला गेला आणि तू ज्युनियर संघाच्या शिबिराला जाऊ शकला नाहीस. तू म्हणायचास, कोणीतरी चुगली केली. तुझा संशय त्या दुसऱ्या गोलरक्षकावर होता, यान्कोवर. तू त्याला बसस्टॉपवर मारलंस, त्याचा दात पडला. नंतर तू शाळा सोडलीस. पलीकडे गेलास, छोट्या संघात खेळलास, गुडघा गेला, मग काहीच उरलं नाही.

यान्कोनं काही केलं नव्हतं. मी केलं.

तुझ्या भाषेच्या बाई, कोकाल्य बाई, मला नगर वाचनालयात भेटल्या. मी तुझंच पुढचं पुस्तक घ्यायला गेले होते. त्या म्हणाल्या, “एल्वेदिनची बहीण ना तू? तुझा भाऊ काय सुंदर लिहितो! मी वर्गात वाचून दाखवलं. त्या आईबद्दलचं, जी अक्षर न ओळखता मुलाच्या वहीचा वास घेते.” ते मी लिहिलं होतं. ती आपली आई होती. आणि मला इतका आनंद झाला, दादा, आणि लगेच इतकी लाज वाटली, की दोन्ही एकदम तोंडातून बाहेर आलं. मी तिथेच रडत सगळं सांगून टाकलं. किती वह्या, कोणकोणत्या विषयांच्या, कधीपासून. त्यांनी विचारलंही नव्हतं.

मी स्वतःला सांगत आले की मी खरं बोलले. पण त्यातलं थोडं तरी असं होतं की ते माझं आहे हे कोणाला तरी कळावं. किती थोडं, ते मला चौदा वर्षांत ठरवता आलेलं नाही.

माझ्या पदवीच्या जेवणाला बाबांनी पेला उचलला आणि म्हणाले, “आमच्या घरात पहिली शिकलेली.” तू खुर्ची मागे सारलीस आणि गेलास. चार वर्षं झाली. सगळ्यांना वाटतं तुला माझा हेवा वाटला. मी कोणाला दुरुस्त केलं नाही. मला वाटलं, तुला कळलं असावं. मग वाटलं, कळलं नसावं. मग मी दोन्हीची भीती बाळगली.

आता खणात तो अर्ज आहे. एकदा मी खरं बोलले आणि एका मुलाची शाळाही गेली आणि खेळही गेला. आता खोटी तारीख दिली तर एका मुलीचं दोन्ही राहील. हिशेब इतका सोपा दिसतो की मला त्याचीच भीती वाटते.

आईनं आज विचारलं, “त्याचं काही आलं?” मी म्हटलं, “कोणाचं?” ती म्हणाली, “तू रोज पोस्टाच्या पेटीत हात घालून बघतेस, त्याचं.”

उत्तर देऊ नकोस असं लिहिणार होते. देऊ नकोस असं मी म्हणणार नाही.

मीना


येसेनित्से, ६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र शनिवारी आलं. आईनं पेटीतून काढलं आणि दोन्ही हातांत धरून वर घेऊन आली, जिन्यावर एकदाही न थांबता. मी वाचलं. मग तिला वाचून दाखवलं, सगळं, माझ्याबद्दलचंसुद्धा. तिनं विचारलं, “अक्षर त्याचंच आहे?” मी म्हटलं, “त्याचंच.” मग तिनं वास घेतला. म्हणाली, “मशीनच्या तेलाचा येतोय.”

तू लिहिलंस की कोकाल्य बाईंनी तुला त्याच दिवशी सांगितलं होतं. ‘तुझी बहीण रडत होती, तिच्यावर रागावू नकोस.’ म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तरी यान्कोला मारलंस! त्याबद्दल तू लिहितोस, ‘तुला तर मारता येत नव्हतं, आणि तो समोर आला. नंतर त्याच्याकडे जाऊन माफी मागितली. आता त्याचा मुलगा आमच्याकडे खेळायला येतो, मी त्याला फुकट स्केटची ब्लेडं घासून देतो.’ मी हे दोनदा वाचलं. चौदा वर्षं मी यान्कोचा दात वाहून नेत होते.

पण तुझी ती पुढची ओळ. ती मला पाठ झाली आहे, तरी इथे उतरवते, म्हणजे मी ती नीट वाचली हे तुला कळेल:

‘पहिल्या वेळी मी वही लिहून दे असं म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं, मीना, हे जरा समजावून सांग. तू म्हणालीस, आण इकडे, मीच लिहिते, लवकर होईल. तू तेरा वर्षांची होतीस, तुला दोष नाही. मीही दुसऱ्या वेळेपासून विचारलं नाही, सोयीचं होतं. पण मला तेव्हा वाटलं, घरात ठरलंय, याला जमणार नाही. आणि बाबांनी पेला उचलला तेव्हा वाटलं, बघ, ठरलंच होतं.’

मला ते आठवत नव्हतं, दादा. तुझं वाचल्यावर आठवलं. स्वयंपाकघरात दिवा होता, तू ओल्या केसांनी उभा होतास, आणि मी हात पुढे केला होता. मदतीचा, असं मला वाटत आलं.

सोमवारी सकाळी मी खणातला अर्ज काढला, स्लावकाबाईंच्या समोर फाडला. त्या म्हणाल्या, “चांगला शिक्का वाया घालवलास.” मग मी ओग्रिन सरांकडे गेले आणि सांगितलं की चूक माझी आहे, मी मोकळा दिवस ठेवला नव्हता, आणि निरोप वेळेत बघितला नाही. सर म्हणाले, “चूक कोणाची ते मला नको. वीज कोणाला येते ते सांगा.”

मग ब्रीनाला बोलावलं. तिलाही तेच सांगितलं. म्हटलं, “नियमानं तुला आता दिवस मिळत नाही. उद्या सरांचा सभेआधीचा शेवटचा तास आहे. त्यांना विचारायचं असेल तर तुलाच विचारावं लागेल. मी तुझ्यासाठी बोलणार नाही.”

मग तिनं दप्तरातून माझी अकरा पानं काढली. घडी मोडलेलीसुद्धा नव्हती. “रागावू नका, मॅडम. ही वाचली की मला झोप येते. मला फक्त एक सांगा, दोन दिवे एकामागोमाग लावले आणि शेजारी शेजारी लावले, तर फरक का पडतो?”

मी तोंड उघडलं. आणि म्हटलं, “मला माहीत नाही.”

“म्हणजे? तुम्ही तर हे सगळं लिहिलंय.”

“उतरवलंय. कळलेलं नाही.”

दादा, तिचा चेहरा बघायला हवा होतास. स्पर्धेत तिसरी आली तेव्हाही इतकी खूश झाली नसेल. खुर्ची माझ्या बाजूला ओढून बसली. आम्ही दोघींनी पुस्तक उघडलं. दीड तास. मी विचारायची, ती उत्तर द्यायची, मी म्हणायची नाही कळलं, ती पुन्हा सांगायची. शेवटी तिनं कागदावर उतारावर चढवणारी पाळणा-खुर्ची काढली, एकच वाट असेल तर रांग कशी तुंबते, दोन असतील तर कशी पळते. तेव्हा मला कळलं. आणि मला सांगता सांगता तिलाही. मातिया दोनदा दारात येऊन घड्याळ दाखवून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा ती म्हणाली, “ट्रेनर, थांबा ना, मॅडमना अजून नीट येत नाहीये.”

मंगळवारी मी ओग्रिन सरांची परवानगी घेऊन शेवटच्या बाकावर बसले. सरांनी वही उघडली, चष्मा पुसला, नाव शोधायला लागले. ब्रीना उभी राहिली. “सर, मला विचारा.”

वर्ग वळून बघायला लागला. आजवर कोणी स्वतःहून उभं राहिलं नसावं. मागून एक मुलगा पुटपुटला, “थंडीनं डोकं गोठलंय हिचं.”

“तुझा दिवस गेला, कावालार.”

“हो सर. आज बाकीच्यांसारखंच विचारा. कुठलंही.”

सर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “कुठलंही नाही. उतार, वेग, उंची यातलं काही विचारणार नाही. ते तुझे पाय सांगतील. ये, वीज सांग.”

दोन दिवे मागोमाग. एक काढला तर? दुसराही विझेल, आजीच्या नाताळच्या झाडावरच्या माळेसारखा, ती म्हणाली. वर्ग हसला, सरही. मग शेजारी शेजारी, प्रत्येकाचा रोध सहा. मिळून किती? तिनं फळ्यावर बारा लिहिले.

मला उत्तर माहीत होतं, दादा. आदल्या दिवशीच कळलं होतं. मी बाकाची कड धरून बसले. तिनं वळून माझ्याकडे बघितलं. मी खाली, माझ्या बुटांकडे बघितलं.

सरांनी खडूचा रुमाल खांद्यावरून काढून तिच्या हातात दिला. ती फळ्याकडे बघत उभी होती, ओठ हलत होते. मला ऐकू आलं नाही, पण ती रांग मोजत होती हे मला माहीत होतं. मग तिनं बारा पुसले आणि तीन लिहिले.

पुढचं एक गणित तिला आलं नाही. त्याच्या पुढचं अर्धं आलं. सरांनी वहीत आकडा लिहिला आणि वही तिच्याकडे वळवली. दोन. काठावरचा, एक श्वास कमी पडता तर गेलाच असता असा दोन.

ती बाकाकडे परत येताना माझ्याजवळून गेली आणि दोन बोटं दाखवली, जिंकल्यासारखी.

आज दुपारी सभा झाली. दर्जा राहिला. परवा ती फिनलंडला जाते आहे. भौतिकशास्त्राचं पुस्तक बरोबर आहे, सारांश नाही. मी तक्ता भिंतीवरून काढला आणि पुन्हा मांडायला घेतला. प्रत्येक हिरव्या चौकोनानंतर एक पांढरा सोडते आहे. तक्ता भोकाभोकांचा दिसतो. मला सवय होईल.

आता तुझ्या पत्राबरोबरचा तो दुसरा कागद. तू लिहिलंस, मैदानाच्या बर्फाचा उस्ताद व्हायची परीक्षा देतोस, जूनमध्ये, जर्मनमध्ये, थंड करणाऱ्या यंत्रांचं गणित त्यात आहे, ‘एकतिसाव्या वर्षी बाकावर बसलोय, हसू नकोस.’ मी हसले नाही. आई हसली, आणि मग मोज्यांचं खोकं उघडून बटणं इकडून तिकडे करत बसली.

कागदावर तू गणित सोडवलं आहेस, बर्फाच्या थरातून किती उष्णता काढायची ते. खाली लिहिलं आहेस, ‘कुठेतरी चुकतंय, बघ जरा.’ मी रविवारी बघितलं. तिसऱ्या ओळीत काहीतरी आहे. मी पेन्सिल उचलली. तुझा सात तिथे होता, पोटात रेघ मारलेला, माझ्या हाताला ओळखीचा.

मी पेन्सिल खाली ठेवली. कागद जसा आला तसा परत आणते आहे.

शनिवारी येते, साडेदहाच्या गाडीनं. आई बरोबर आहे, आणि झेल्यानित्सा, कडेला करपलेली. रविवारचा दिवस मी मोकळा ठेवला आहे. तू वही घेऊन बस. मी समोर बसेन.

तुझी मीना